सहा नंबरच्या टॉवरची वही

मधुरिमाने रेवाळ्याच्या समुद्रावरचा सहा नंबरचा टॉवर काढून टाकला तो मोहालीजवळच्या खरडमध्ये, चौथ्या मजल्यावरच्या घरात बसून, एका हातात मुळ्याचा पराठा धरून. माउसची एक टिचकी पुरली. समुद्र तिथून दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे, त्यामुळे आवाज वगैरे काही झाला नाही.

चंदीगडच्या बाजूला बसून समुद्राचा बंदोबस्त करायचा, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण मोहालीतल्या तिच्या कंपनीचा धंदाच तो. कुठल्या दवाखान्यात रात्रपाळीला किती नर्स, कुठल्या टोलनाक्यावर किती माणसं, सगळं आकड्यांवरून ठरवून द्यायचं. त्यात रेवाळे नगरपालिकेचं काम आलं. चार किनारे, सहा टॉवर, चौदा जीवरक्षक. कोणी कुठे, किती ते किती उभं राहायचं, याचा प्लॅन हवा होता. तिची साहेबीण हरलीन म्हणाली, "मधु, तू तो समंदरवाली है यार. पक्का तेरा प्रोजेक्ट."

समंदरवाली! हे बिरुद बाईंनी स्वतःच लावून घेतलेलं. सुखना तलावावर ऑफिसची मंडळी फिरायला गेली की ही नाक मुरडायची. "हे काय पाणी? हलतसुद्धा नाही. आमच्या रेवाळ्याला या." पोहता येतं का, असं कुणी विचारलं की हसून विषय बदलायची. पोहता तिला तेव्हाही येत नव्हतं आणि आताही येत नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

नगरपालिकेने जीवरक्षक नेमल्यापासूनच्या अठरा वर्षांच्या नोंदवह्या स्कॅन करून पाठवल्या होत्या. कुणाला, कधी, कुठून बाहेर काढलं, ते प्रत्येक टॉवरच्या वहीत. मधुरिमाने आकडे भरून घेतले आणि तक्ता मांडला. मोठ्या किनाऱ्यावरच्या दोन नंबरला एकशे बारा जण वाचवलेले. तीन नंबरला अडुसष्ट. सहा नंबर, म्हणजे पार टोकाला सुरूच्या बनापलीकडे खाडी समुद्राला मिळते तिथला टॉवर. त्याच्या नावावर अठरा वर्षांत चार. चौघेही पुरुष. बाकी पानामागून पानं निळ्या शाईत एकच शब्द, सरकारी आणि सुबक: निरंक. खाली सही, वि. मयेकर.

कुणीही शहाणा माणूस म्हणेल, हा टॉवर कशाला हवा? इथला माणूस मोठ्या किनाऱ्यावर आणा, तिथे रविवारी जत्रा असते. कॉम्प्युटरनेही तेच म्हटलं. कॉम्प्युटरला काय, त्याला वहीतलं दिसतं.

पण मधुरिमाने त्या रात्री एक पान शोधून काढलं. सतरा वर्षांपूर्वीचं, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसाचं. तारीख तिला पाठ होती. तिथेही लिहिलं होतं: निरंक. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे पृथ्वीच्या पाठीवर फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मयेकर, आणि दुसरी ती.

तेव्हा ती बारावीत होती. वर्गातल्या अपूर्वबरोबर सुरूच्या बनापलीकडे गेली होती. रेवाळ्यात दोघांना बसून बोलायला दुसरी जागा नव्हती, अजूनही नसेल. मोठ्या किनाऱ्यावर बसलं की संध्याकाळच्या आत घरी कळतं. बोलत बोलत दोघं घोट्याएवढ्या पाण्यात गेली. ओहोटी लागलेली. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी गुपचूप ओढतं, लाटसुद्धा दिसत नाही. तिच्या पायाखालची वाळू गेली, मग पाय गेले, मग आकाश कुठे आणि पाणी कुठे तेही कळेना. अपूर्व काठाला होता. तो पळाला, आणि मदत आणायला नव्हे, घरी.

तिला बाहेर काढलं ते विलास मयेकरने. उलटी करवली, स्वतःचा नारिंगी शर्ट अंगावर टाकला, टॉवरच्या सावलीत बसवलं आणि वही उघडली.

"नाव काय गो?"

मधुरिमाने हात जोडले. तिचे वडील नामदेवमास्तर. गावात त्यांच्या छडीची गोष्ट प्रत्येक घरात. "काका, नाव लिहू नका. पाया पडते. बाबा मला कॉलेजातून काढतील."

विलासने तिच्याकडे पाहिलं. मग वाळूत उमटलेल्या दुसऱ्या पावलांकडे पाहिलं. त्याने एक शब्द लिहिला आणि वही मिटली. "मुलींची नावं मी लिहीतच नाय. वही कचेरीत जाते, तिथून चहाच्या टपरीवर, तिथून घरोघर. तू घरी जा. मी मरेपर्यंत बोलणार नाय, तू पण बोलू नको."

तिने शब्द पाळला. इतका पाळला की पुढे रस्त्यात विलास दिसला तरी ती मान खाली घालून जायची. मग पुणं, नोकरी, लग्न, मोहाली. नवऱ्याला, शिशिरला, डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यात चांगली जागा मिळाली आणि खाडीचं तोंड कायमचं मागे पडलं, असं तिला वाटलं होतं.

तर त्या रात्री तिला सगळं समजलं होतं. सहा नंबरला लोक बुडत नव्हते असं नव्हतं. तिथे मुली बुडत होत्या, आणि मुलींची नावं तो माणूस लिहीत नव्हता. हे तिने सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

प्लॅन दाखवायची मीटिंग झाली तेव्हा समोर पडद्यावर रेवाळ्याचे अधिकारी श्रीराम सुर्वे. ते नामदेवमास्तरांचे जुने विद्यार्थी. "सरांना सांगितलं हं मी, तुमची लेक आता आपला किनारा सांभाळते म्हणून. काय खूश झाले!" असं म्हणून ते तक्त्याकडे वळले आणि जरा थांबले. "सहा नंबर बंद? नाही म्हणजे, जुने लोक म्हणतात ती जागा वाईट आहे. तुम्ही तर इथल्याच. तुम्हाला काय वाटतं?"

हरलीन तिच्याकडे पाहत होती. एप्रिलमध्ये टीम लीडची जागा रिकामी होणार होती. मधुरिमाने तोंडात मिठाची गुळणी धरली असती तरी एक वेळ चाललं असतं. बाईंनी तोंड उघडलं.

"डेटा असं सांगतो, सर," ती म्हणाली.

झालं. एक ऑक्टोबरपासून विलास मयेकर दोन नंबरला उभा राहू लागला, आणि सहा नंबरच्या टॉवरला कुलूप लागलं.

नव्या पद्धतीत प्रत्येकाच्या मोबाइलवरून हजेरी लागत असे. जागा सोडली की मधुरिमाच्या पडद्यावर लाल खूण. महिन्यात दोनदा अर्ध्या तासाहून जास्त जागा सोडली की करार रद्द, हा नियमही तिनेच सुचवलेला. कंत्राटी माणसांना शिस्त लागते, असं तिने लिहिलं होतं. पहिली लाल खूण दुसऱ्या आठवड्यात आली. वि. मयेकर, टॉवर दोन, दुपारी साडेतीन ते सव्वाचार गैरहजर. पंधरा दिवसांनी दुसरी. वेळ तीच, फक्त या वेळी बावन्न मिनिटं.

मधुरिमा उठली आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरापुढे उभी राहिली. सासूबाई दर वर्षी ते पुण्याहून आणतात. पहिली खूण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची. दुसरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची. रेवाळ्यात शेंबड्या पोरालाही हिशेब येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. प्रतिपदा म्हणजे पाऊण वाजता पूर्ण भरती. उधाणाचे दिवस, पाणी जेवढं चढतं तेवढंच जोरात उतरतं; साडेतीन-चारला खाडीच्या तोंडाशी ओढ सगळ्यात भयंकर. तिच्या प्लॅनमध्ये तिथी नव्हती. दहा ते सहा होतं, सोमवार ते रविवार होतं. विलास मयेकर उधाणाच्या ओहोटीला दोन नंबर सोडून दीड किलोमीटर चालत जात होता आणि कुलूप लावलेल्या टॉवरखाली उभा राहत होता.

"काय शोधतेस गं?" सासूबाईंनी विचारलं. रत्नप्रभाबाई महिनाभरासाठी आल्या होत्या.

"चतुर्थी कधी आहे ते बघत होते," मधुरिमा म्हणाली. आयुष्यात एक उपास न केलेली सून चतुर्थी बघते म्हटल्यावर सासूबाईंनी भुवया उंचावल्या.

करार रद्द करण्याआधीची सुनावणी बुधवारी अकराला ठरली. त्याआधी संबंधिताचं म्हणणं फोनवर नोंदवायचं, अशी पद्धत. मंगळवारी मधुरिमाने नंबर फिरवला. नाव सांगितलं नाही. चंदीगडच्या ऑफिसातून बोलतेय, एवढंच म्हणाली.

"बोला मॅडम," पलीकडून आवाज आला. तोच आवाज, जरा जाड झालेला.

"दोन वेळा तुम्ही जागेवर नव्हता. कारण काय लिहू?"

"लघवीला गेलो होतो, लिवा."

"बावन्न मिनिटं?"

"वय झालं, मॅडम."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "मयेकर, तिकडे खाडीकडे कुणी बुडत होतं का? खरं सांगा. सांगितलंत तर नोकरी वाचेल तुमची."

"कोण नाय बुडत," तो म्हणाला. "वहीत बघा. निरंक हाय."

म्हणजे कुणीतरी होती. कुणीतरी सतरा-अठराची, नारिंगी शर्टात गुंडाळलेली, हात जोडून बसलेली. मधुरिमाला तिचा चेहरा दिसेना; स्वतःचाच दिसत होता.

"तुम्हाला राग येत नाही?" तिने विचारलं. "ज्यांनी हा प्लॅन केला त्यांचा?"

"त्या साहेबाचा कशाला राग? वहीत नाय ते त्याला कसं दिसणार? चंदीगडला काय समुद्र हाय? त्याला ठाऊक असतं तर त्याने असं केलं नसतं."

ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन तिने नळ सोडला आणि खाली बसली. लाज म्हणजे काय, हे तिला बारावीत कळलं असं ती समजत होती. ती लाज कसली? पोरवयातली भीती नुसती. लाज ही होती. एका माणसाने सतरा वर्षं तिची अब्रू राखली, आणि तिने पगार घेऊन त्याचा टॉवर काढला, त्याच्यामागे लाल खूण लावली, आणि वर त्यालाच विचारलं, कारण काय लिहू.

बुधवारी अकराला ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. एरवी ती मीटिंगसाठी आतल्या खोलीत जाऊन दार लावते. आज तिने दार लावलं नाही, कारण आत गेली तर आपण पुन्हा गप्प बसू, हे तिला माहीत होतं. समोर सासूबाई मेथी निवडत होत्या. पडद्यावर एका चौकोनात हरलीन, दुसऱ्यात श्रीराम सुर्वे, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसलेला विलास मयेकर. केस पांढरे झाले होते. टोपी मांडीवर धरून बसला होता.

सुर्व्यांनी नियम वाचून दाखवला. "विलास, दोनदा झालंय. तुझं म्हणणं?"

"वय झालं, साहेब. दुसरं काय नाय."

"ठीक आहे. मग माझा नाइलाज आहे."

"थांबा, सर," मधुरिमा म्हणाली. आवाज फाटका निघाला. "मला सांगायचंय. मयेकर जागा सोडून सहा नंबरला जातात. दोन्ही दिवस उधाणाचे होते, दोन्ही वेळा ओहोटीच्या. तिथे माणसं बुडतात."

"पण मॅडम, वहीत तर—"

"वहीत मुलींची नावं नसतात. त्या बनाआड जातात, कुणाबरोबर तरी जातात. नाव लिहिलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून मयेकर लिहीत नाहीत. मला माहीत आहे, कारण सतरा वर्षांपूर्वी, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी मला तिथून काढलं होतं."

सासूबाईंचे हात मेथीत थांबले. हरलीनला शब्द कळले नाहीत, पण चेहरे कळले. सुर्वे खुर्चीत मागे टेकले. नामदेवमास्तरांची लेक! त्यांच्या तोंडावर ते वाक्य छापल्यासारखं उमटलं, आणि संध्याकाळपर्यंत ते मास्तरांच्या ओट्यावर पोचणार, हेही मधुरिमाला दिसलं. कान तापले. पण थांबून चालणार नव्हतं.

सुर्वे विलासकडे वळले. "काय रे? खरं आहे हे?"

विलासने पडद्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिने ओळख पटताना पाहिली. डोळे बारीक झाले, मग विझल्यासारखे शांत झाले.

"नाय साहेब," तो म्हणाला. "मॅडमची कायतरी चूक होते. मी यांना कधी पायलं नाय. मी कुणाला काढलं नाय तिथून."

स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेणारा माणूस विरळा. नोकरी जात होती, टॉवर जात होता, आणि हा अजून वही मिटूनच बसला होता. मधुरिमाला रडू फुटलं. सासूबाईंसमोर, साहेबिणीसमोर, गावासमोर ती रडली.

"काका, मी तुम्हाला शब्दातून मोकळं करते. लिहा माझं नाव. तुम्ही मला नारिंगी शर्ट दिला होता. तो मी रेवाळ्याच्या बसस्टँडमागे टाकून दिला, घरी दिसू नये म्हणून. तेही कधी सांगितलं नाही तुम्हाला."

विलासने टोपी फिरवली. एकदा, दोनदा. मग पडद्याच्या जवळ येऊन, सुर्वे शेजारी नाहीतच अशा आवाजात त्याने विचारलं, "गो बाय, घरात कोण हाय तुझ्या?"

"सासूबाई आहेत. समोरच बसल्यात."

"ऐकलं त्यांनी?"

रत्नप्रभाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि लॅपटॉपकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलं हो मी. सून जिवंत दिलीत आम्हाला, मग त्यात लपवायचं काय? लिहा तुम्ही तिचं नाव."

विलासने मान हलवली. "मग हिचं एक लिवा, साहेब. बाकीच्यांचं मी नाय सांगणार."

"बाकीच्या किती?"

"नावं विसरलो. माणसं नाय विसरलो. हिला धरून एकतीस. परवाची पोर धरून."

सुर्व्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. दोन्ही लाल खुणा रद्द, रविवारपासून सहा नंबर उघडा, नाव न लिहिता नोंद कशी करायची ते आपण बसून ठरवू, असं ते म्हणाले. सुर्व्यांनी तेच हिंदीत सांगितल्यावर हरलीननेही मान डोलावली. सगळं सुरळीत होत होतं. मधुरिमाला डोळे पुसून, नमस्कार करून उठता आलं असतं. ती तर आता त्यांची साक्षीदार झाली होती, जवळजवळ नायिकाच.

विलास उठता उठता थांबला. तोंड भरून हसत होता. सतरा वर्षांत तिने पाहिलेलं त्याचं हे पहिलं हसू. "बरी हायेस ना गो? बरं केलंस, बोललीस. आणि त्या प्लॅनवाल्या साहेबाला सांग, माझा राग नाय म्हणून. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक."

सुर्व्यांनी घसा खाकरला आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. ते सांगणार नव्हते. हरलीनला मराठी येत नव्हतं. कुणीच सांगणार नव्हतं.

"काका," मधुरिमा म्हणाली. "तो साहेब मीच."

हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर राहिलं, नुसतं राहिलं, पाहुणे निघून गेल्यावर दारात राहिलेल्या रांगोळीसारखं. त्याने सुर्व्यांकडे पाहिलं. सुर्व्यांनी मान खाली घातली, तेव्हा त्याचा विश्वास बसला.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली, आणि हळू आवाजात म्हणाला,

"पण तुला तर ठाऊक होतं गो, बाय."

"होतं," मधुरिमा म्हणाली.